बटरफ्लायचे तीन दाणे

क्लासच्या दाराबाहेर चपला साठतात ना, तसे हे किस्से साठले. येताना एकेक जोड नीट येतो, मग त्याच्यावर दुसरा पडतो, आणि जायच्या वेळी कुठली कुणाची ते शोधत बसावं लागतं. माझ्या मात्र सगळ्या जोड्या ध्यानात आहेत. मला शाळा नाही. मराठी अक्षरं जुळवायला शिकले तीही म्हातारपणी. त्याआधीची सगळी वर्षं लक्षात ठेवूनच काढली, ती सवय राहिली.

हा क्लास चेन्नईत, अण्णा नगरात, एका अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर. शिकवणारी प्रिया मिस. वर सहा-सात वर्षांची मुलं, आणि खाली पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे, प्लास्टिकच्या तीन खुर्च्यांवर आम्ही तीन म्हाताऱ्या. मी, वसंतामामी आणि कमळाबाई.

वर शिकवतात ते असं. इंग्रजीत म्हणे दोन शब्द चिकटवून एक केलेला असतो. तो आधी जोडावर मोडायचा, मग त्याचे तुकडे पाडायचे, आणि एकेका तुकड्याला एक टाळी वाजवायची. रेन-कोट, दोन टाळ्या. ब-टर-फ्लाय, तीन टाळ्या. वीस मुलं एकदम टाळ्या वाजवतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, वर भजन चाललंय. मी खालून दोनदा नमस्कार केला.

*

क्लास लागला तो एका पत्रामुळे. माझी नात सई पहिलीत. शाळेतून पत्र आलं की सईला मोठे शब्द फोडता येत नाहीत. सगळा शब्द एकदम तोंडात कोंबते आणि अडकते. सत्र संपताना तोंडी परीक्षा होईल. त्यात जमलं नाही तर तिला वेगळ्या तुकडीत बसवू. ही वेगळी तुकडी मी पाहिली आहे. तळमजल्यावर, सामानाच्या खोलीशेजारी. तिथल्या मुलांना मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. घरी मुलीशी फक्त इंग्रजीत बोला.

सूनबाईंनी पत्र वाचून दाखवलं. स्वप्ना बँकेत आहे, हुशार आहे, मनाने वाईट नाही. म्हणाली, "आई, परीक्षेपर्यंत सईशी मराठी बंद करू या."

मी म्हटलं, "मग मी कशात बोलू?"

"इंग्रजीत बोला, नाहीतर..." आणि ती भाजी ढवळायला लागली.

माझा मुलगा अविनाश तिकडे सिरुसेरीला कंपनीत असतो. सकाळी मुलगी उठायच्या आधी जातो, ती झोपल्यावर येतो. तो म्हणाला, "आई, तुला जड जात असेल तर चार महिने बार्शीला दादाकडे जाऊन ये ना."

बार्शीला गेले असते तर बोलायला सगळं गाव होतं. सई नव्हती. इथे सई होती. मी म्हटलं, "मी गप्प बसते."

दोघांना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी बाहेरून जेवण मागवलं.

*

गप्प बसणं सोपं असतं. गप्प बसून कुणाला जेवायला बोलवणं अवघड.

पहिल्याच संध्याकाळी पान वाढलं आणि माझ्या लक्षात आलं, हाक कशी मारायची? "सई, ये गं" ही मराठी झाली. टाळी वाजवली तर तिला वाटलं गृहपाठ. तिने दोन टाळ्या परत वाजवल्या. शेवटी मी देवघरातली घंटा उचलली आणि वाजवली.

सई धावत आली. पाटासमोर उभी राहिली, हात जोडले, डोळे मिटले. मीही काही बोलू शकत नव्हते. तशीच थांबले. वरण गार झालं.

आठवड्याभरात तिला सवय झाली. घंटा वाजली की येते, आधी भाताला नमस्कार करते, मग जेवते. स्वप्ना मैत्रिणीला फोनवर कौतुकाने सांगत होती, "आई आहेत ना घरी, म्हणून संस्कार होतात बघ."

*

कमळाबाईंची ओळख झाली ती माझ्या भावाशी झालेल्या भांडणामुळे. घरी बोलायचं नाही म्हणून बार्शीचे सगळे फोन मी पार्किंगमध्ये घेत असे. शेताच्या बांधावरून भावाला चांगला झापला, फोन ठेवला, तर शेजारच्या खुर्चीवरच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. रोज बघायची मी त्यांना. नऊवारी नाही, कपाळावर गंध, केसात मल्लिप्पू म्हणजे मोगरा, तमिळच समजत होते.

म्हणाल्या, "तुम्ही मराठी बोलतांत की."

मी उडालेच. तंजावरच्या मराठी माणसांपैकी त्या. कित्येक पिढ्यांमागे त्यांचे लोक इकडे आलेले. भाषा माझ्या पणजीच्या तोंडची, सूर तमिळचा. पहिले चार दिवस आम्ही एकमेकींचं निम्मंच समजून घेतलं आणि दुप्पट बोललो.

मी विचारलं, "घरी कोण कोण बोलतं?"

"अमच्या घरांत मी बोलतें. लेंक ऐकतो. अस्की दुसरीं तमिळ." अस्की म्हणजे सगळी.

तेवढ्यात त्यांचा नातू खाली आला आणि आम्हाला बोलताना ऐकून त्याने तमिळमध्ये विचारलं, "पाट्टी, ही कुठली भाषा?" पाट्टी म्हणजे आजी.

कमळाबाई म्हणाल्या, "फोनवरची."

पोरगा म्हणाला, "अच्छा," आणि बूट घालायला लागला.

*

एकदा प्रिया मिसनी आम्हा तिघींना वर बोलावलं. घरी सराव कसा घ्यायचा ते दाखवायला. सगळी मुलं चटईवर, आम्ही भिंतीशी.

मिसची रीत अशी की हाताची पालथी बाजू हनुवटीखाली धरायची आणि शब्द सावकाश म्हणायचा. हनुवटी जितक्या वेळा हातावर टेकेल तितके तुकडे. वाचता येत नसलं तरी चालतं. मला ते पटलं. हनुवटी खोटं बोलत नाही.

मिस म्हणाल्या, "वसंता पाट्टी, यू ट्राय. वॉटरमेलन."

वसंतामामी जाडजूड, हसऱ्या, दोन्ही कवळ्या नव्या. त्यांचं तमिळ कमळाबाई मला मराठीत करून सांगत. त्यांनी हात धरला. "वॉ." टेकली. "टर." टेकली. "मे." तिसऱ्याला खालची कवळी सुटली आणि हातात आली.

मिस प्रामाणिकपणे म्हणाल्या, "देअर आर फोर, पाट्टी."

मामींनी तोंड मिटलं, हात पुढे केला, आणि तमिळमध्ये बोबड्या बोलल्या, "चौथा हा घ्या."

मुलं इतकी हसली की क्लास तिथेच सुटला. खाली आल्यावर मामी मात्र बराच वेळ कवळी पुसत बसल्या. म्हणाल्या, "आज नातू माझ्याशेजारी बसला नाही, पाहिलंस? दुसऱ्या पोरांत जाऊन बसला."

मी पाहिलं होतं. मी म्हटलं, "नाही बाई."

*

याच मामींच्या नातवाला मिसनी 'बस स्टॉप' दिला. त्याने चार टाळ्या वाजवल्या. बस्सु, स्टाप्पु. घरी सगळे तसंच म्हणतात. मिसनी त्याच्या वहीत लाल पेनाने दोन लिहून दिलं.

मामींनी वही वाचून घेतली आणि मला म्हणाल्या, "या बाईंनी कधी आमच्या एन्नोरच्या बसमधून प्रवास केलाय का? दोनदाच थांबते म्हणे."

*

आता माझं.

बार्शीला मी सगळं आयुष्य शेंगा फोडल्या. भुईमुगाच्या. हंगामात सकाळपासून अंधार पडेपर्यंत. त्यातलं एक येतं मला. शेंग कानाशी धरून हलवली की आत दाणे किती ते सांगते. एक, दोन, तीन, आणि आतला किडका असला तर तेही. लग्नाआधी मालकीण पैज लावायची माझ्यावर.

एके संध्याकाळी सई गृहपाठाला बसली होती आणि रडत होती. शब्द होता बटरफ्लाय. एकदम म्हणायची आणि एकच टाळी वाजवायची. स्वप्ना यायला वेळ होता. मला बोलायची बंदी.

मी डब्यातून शेंगा काढल्या. एक निवडली, कानाशी हलवली, तिच्या कानाशी हलवली. मग शेंगेच्या कंबरेवर दाबून ती फोडली. टरफलाचे दोन भाग झाले. आतले तीन दाणे तिच्या वहीवर एकेक करून ठेवले आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

सई दाण्यांकडे बघत राहिली. मग बोट ठेवत गेली. "ब... टर... फ्लाय."

मी मान हलवली. तिने तिन्ही खाल्ले.

त्या दिवसापासून आमचं ते बोलणं झालं. ती शब्द म्हणायची, मी दाणे ठेवायची. चुकला की एक दाणा परत घ्यायची. जमला की खायचा. महिनाभरात ती रेनबो, सनफ्लॉवर, ग्रासहॉपर असे फोडायला लागली की बघत राहावं. वरच्या क्लासच्या टाळ्या ऐकून ऐकून मलाही सगळे शब्द पाठ झाले होते. अर्थ म्हणाल तर निम्म्यांचा नाही. दाणे मात्र सगळ्यांचे सांगते.

एकदा तिने शेंगेवरच बोट ठेवून विचारलं, "ग्राउंडनट?" मी दोन दाणे ठेवले. ती खुदकन हसली. किती दिवसांनी हसली.

मिसनी फोन करून स्वप्नाला सांगितलं, "युअर इंग्लिश अॅट होम इज वर्किंग."

*

पण माझा हात लागला की काहीतरी व्हायचंच.

गृहपाठात शब्दापुढे तुकड्यांचे ठिपके काढायचे होते. सईने ठिपक्यांच्या जागी दाणेच चिकटवले. डिंकाने. मी शेजारी बसून पानाला वारा घातला. पान फार छान दिसत होतं.

चेन्नईच्या मुंग्यांना शाळा नसली तरी वास येतो. सकाळी सईने दप्तर उघडलं तेव्हा आत मुंग्यांची रांग, वहीतून डब्यात, डब्यातून कंपासपेटीत. वर्गात दोन मुलींना चावल्या. शाळेतून चिठ्ठी आली, गृहपाठात खाण्याचे पदार्थ वापरू नयेत.

स्वप्ना दमून आलेली. चिठ्ठी वाचली, दप्तर गॅलरीत झटकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्हाला न बोलतासुद्धा गोंधळ घालता येतो."

बोलायची परवानगी असती तरी बोलले नसते.

शेंगांचा डबा वरच्या फळीवर गेला, माझा हात पुरत नाही तिथे. सईने खुर्ची लावून मूठभर शेंगा काढून सोलल्या होत्या, ते मला नंतर धुवायच्या कपड्यांत कळलं. तिच्या पिनाफोरच्या दोन्ही खिशांत दाणे. परीक्षेच्या शब्दाला ती बोटांनी आतल्या आत एकेक दाणा मुठीत धरायची. वर तोंडाने काही कळू द्यायची नाही. मी पिनाफोर धुतला, वाळवला, आणि दाणे परत जसेच्या तसे खिशांत ठेवले.

*

परीक्षा जवळ आली त्या आठवड्यात कमळाबाईंच्या मुलाने नातवाचा शाळेचा फॉर्म भरला. मोबाइलवर भरायचा. मातृभाषेच्या रकान्याशी आला आणि आईला न विचारता 'तमिळ' करून पुढे गेला. कमळाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, ती नाहीं."

मुलगा म्हणाला, "अम्मा, पोरगा ती बोलतो का? खोटं कसं लिहू?"

हे त्या मला पार्किंगमध्ये सांगत होत्या. रडत नव्हत्या. वांग्याचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. तेवढ्यात वरून मिसचा आवाज आला. आज दोन शब्दांचे नवे जोड. "चिल्ड्रन, मदर टंग. क्लॅप."

वीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. मद-र-टंग. तीन.

"अगेन."

परत तीन.

मी कमळाबाईंकडे बघायचं टाळलं. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं, आठवीपर्यंत शिकलेल्या. त्या वर बघत होत्या. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अमचे यजमान रेल्वेंतून रिटायर झाले, तेव्हां आफिसांत अश्याच वाजविल्या होत्या."

*

परीक्षेच्या दिवशी स्वप्नाच्या बँकेत ऑडिट, अविनाशची मीटिंग. शाळेत सईबरोबर मलाच जावं लागलं. निघताना स्वप्नाने माझ्या साडीची निरी नीट केली. म्हणाली, "आई, तिथे काही बोलू नका हं. फक्त हसा. आता एकच दिवस राहिलाय."

"आजच्यानंतर?" मी हळूच विचारलं. सई बूट घालत होती.

"आज होऊ दे. मग बघू."

वर्गात एक टेबल, टेबलामागे शाळेच्या मोठ्या मिस, समोर सईची छोटी खुर्ची. मला दाराशी एक खुर्ची दिली. मी हसले. मिसही हसल्या.

त्या शब्द म्हणत होत्या, सई मोडत होती. रेनबो, दोन. सनफ्लॉवर, तीन. वॉटरमेलन, चार. तिचा उजवा हात खिशात होता आणि खिशाचं कापड आतून हलत होतं. एकाही शब्दाला ती अडकली नाही. माझी हनुवटी माझ्याच हातावर टेकत होती, मी ती झाकायला पदर पुढे घेतला.

मिसनी वही मिटली. माझ्याकडे बघून सईला विचारलं, "अँड हू केम विथ यू टुडे?"

"माय ग्रँडमदर."

"क्लॅप इट."

सईने खिशातून हात काढला आणि तीन टाळ्या वाजवल्या. मिसना फार आवडलं. पेन हातात होतंच. फॉर्मवरचा शेवटचा रकाना राहिला होता. त्यांनी सहज विचारलं, "अँड व्हॉट लँग्वेज डझ शी टॉक टू यू अॅट होम?"

चार महिने पार्किंगमध्ये बसलेय मी. लँग्वेज कळतं, टॉक कळतं, होम कळतं.

सईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी हसले. हसा म्हणून सांगितलं होतं.

सईचा हात परत खिशात गेला.

"शी डझ नॉट टॉक," ती म्हणाली.

मिस म्हणाल्या, "ओह." त्यांचा चेहरा मऊ झाला. फॉर्मवर काहीतरी लिहिलं, सईच्या वहीत सोनेरी चांदणी चिकटवली. मग उठून माझ्यापाशी आल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि मला ऐकू येत नाही अशा समजुतीने सईकडे बोट दाखवून अंगठा वर केला. पास. मीही अंगठा वर केला.

जिन्यावर आम्ही दोघीच होतो. शेवटच्या पायरीवर सई थांबली. खिशातून मूठ काढली, माझा हात ओढून उलटा केला आणि तळव्यावर मूठ उघडली.

मी मोजले. शी, डझ, नॉट, टॉक. चार दाणे होते.

तिथेच उभ्या उभ्या तोंडात टाकले. शेवटचा खवट निघाला.